साहसकथेतील ‘म्हणे’ आणि चित्रपट

कादंबरीवरून चित्रपट निघाला की त्याविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते. चित्रपट मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला? कोणता प्रसंग गाळला, कोणते पात्र नव्याने आणले, शेवट कसा फिरविला, याची यादी करावयाची आणि यादीच्या लांबीवरून निर्णय द्यावयाचा, अशी ही रीत आहे. पदव्युत्तर वर्गांतील निबंधांतूनही ती रूढ झाली आहे. तिच्यात एक सोय आहे हे मान्य. दोन्ही कृती समोर ठेवल्या की कोणासही ही यादी करता येते. परंतु साहसकथेच्या बाबतीत तरी ही मोजणी मूळ मुद्द्यापाशी पोहोचत नाही. साहसकादंबरीतील प्रसंगांवर कोणाचीच मालकी नसते. कडा चढणे, वेषांतर, कैद, सुटका, घोडदौड, ऐन वेळी पोहोचणारी मदत, हे सारे भांडवल जगभर सामाईक आहे आणि ते एका कथेतून दुसरीत सुखेनैव जाते. एका साहसकथेस दुसरीपासून वेगळे करते ते सांगणाऱ्याचे सांगणे. म्हणून प्रस्तुत लेखात मी प्रश्नच बदलून घेतला आहे. कादंबरीतील प्रसंगांचे चित्रपटात काय झाले, याऐवजी कादंबरीत जो सांगणारा होता त्याचे चित्रपटात काय झाले, हे येथे विचारावयाचे आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास या प्रश्नाकडे एका अगदी लहान मराठी शब्दाच्या वाटेने येणे सोयीचे आहे. तो शब्द ‘म्हणे’. रूपाने तो ‘म्हणणे’ या क्रियापदाचा रीतिभूतकाळ होय. ‘आजी नेहमी असे म्हणे’ या वाक्यात तो आपल्या मूळ जागी आहे. पण रोजच्या बोलण्यात या रूपाने क्रियापदपण टाकून अव्ययाचे काम पत्करले आहे. ‘हिरकणी म्हणे रात्रीच कडा उतरून गेली’ या वाक्यातील ‘म्हणे’ला कर्ता नाही. कोण म्हणे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही आणि ते मिळावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. बोलणारा एवढेच कळवितो की हे मी पाहिलेले नाही, माझ्यापर्यंत आले आहे, आणि आता ते तुमच्याकडे पोहोचवीत आहे. त्यात अविश्वास असतोच असे समजण्याचे कारण नाही. आवाजाच्या चढउताराप्रमाणे तोच शब्द शंका सुचवितो, कौतुक सुचवितो, थट्टा करतो, कधी निव्वळ श्रद्धाही व्यक्त करतो. संस्कृतात यासारखे काम एका स्वतंत्र लकाराकडे होते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या भूतकाळासाठी पाणिनीने लिट् सांगितला आहे. मराठीस तो लकार मिळाला नाही, पण त्याची गरज मात्र वारशाने मिळाली.

आपले व्याकरणकार क्रियापदाचे चार अर्थ सांगतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. कॅमेऱ्यास यांपैकी केवळ स्वार्थ कळतो. (येथील श्लेष वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर करावा.) पडद्यावर घोडा धावला म्हणजे धावला. तो धावला असता, त्याने धावावे, तो धावला म्हणे, यांतले काहीच निव्वळ चित्राने सांगता येत नाही. सांगावयाचे झालेच तर बाहेरून काही आणावे लागते: एखादी पाटी, एखादा आवाज, धूसर केलेल्या कडा, किंवा स्वप्नातून दचकून उठणारा नायक. साहसकथेची अडचण अशी की तिला ‘म्हणे’वाचून भागत नाही. तिच्यातील पराक्रम ऐकणाऱ्याच्या अनुभवाहून मोठा असतो. तो पराक्रम आणि ऐकणारा यांच्यामध्ये सांगणारा उभा राहतो, आणि अविश्वासाचा भार काही काळ स्वतःच्या खांद्यावर घेतो.

मराठी साहसकादंबरीच्या आरंभीच अशी ऐकलेली गोष्ट आहे. हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांनी ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले ते ‘म्हैसूरचा वाघ’ लिहून, आणि ती कादंबरी मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. हा टेलर मराठवाड्यास परका नाही. त्याचे आयुष्य निजामाच्या चाकरीत गेले. १८५३ पासून काही वर्षे तो नळदुर्गास कारभार पाहत होता, आणि त्याच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर येते. १८३९ साली निघालेली त्याची सर्वांत गाजलेली कादंबरी एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपात आहे. अमीर अली सांगतो आणि साहेब ऐकतो. वाचकाच्या हाती येते ते सारे एका खुनी माणसाच्या शब्दावर. याच्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, या अस्वस्थतेत त्या कादंबरीचा जीव आहे. ती अस्वस्थता काढून घेतली तर खुनांची एक लांबलचक मालिका तेवढी उरेल.

आता सिंहगडाकडे येऊ, कारण मराठीत कादंबरी आणि चित्रपट यांच्या संबंधाचे याहून जुने आणि याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला गेला आणि तानाजी मालुसरे पडला. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजारामाच्या काळात जिंजीस लिहिली, म्हणजे घटनेनंतर सुमारे पाव शतकाने. तीत कडा चढून जाणारी माणसे आहेत, घोरपड नाही. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात मात्र घोरपड आहे, चंद्रावळी हत्ती आहे, सिद्दी हिलाल आहे, आणि एकेकाचा समाचार घेत तानाजी पुढे सरकतो. ऑकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा हा पोवाडा छापील वाचकांसही सुलभ झाला. ‘सिंहगड’ हे नाव तानाजीच्या मृत्यूपूर्वीच्या पत्रांतही आढळते, हे संशोधकांनी दाखविले आहे. म्हणजे गडाच्या नावाची सर्वपरिचित कथाही याच ‘म्हणे’च्या प्रदेशातली.

घोरपडीच्या कमरेस दोर बांधून ती कड्यावर सोडावी आणि तिच्या पकडीच्या आधाराने माणसांनी वर जावे, हे शक्य आहे काय, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. पोवाडा ऐकणाऱ्यास हा प्रश्न पडत नसेल असे समजणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय. रानात हिंडणाऱ्या माणसास घोरपड केवढी असते हे प्राध्यापकांहून अधिक ठाऊक असते. पण तो प्रश्न बाजूस ठेवण्याची सोय त्याला भाषेनेच करून दिलेली असते. शाहीर त्या रात्री कड्याखाली उभा नव्हता हे श्रोत्यास ठाऊक आहे; श्रोत्यास हे ठाऊक आहे, हे शाहिरासही ठाऊक आहे. या परस्परसमजुतीवर घोरपड सरसर वर चढते. पहिल्यांदा ती माघारी फिरते आणि तानाजी तिला धमकावतो, हा जो पोवाड्यातील भाग, तो ऐकताना श्रोता हसतो आणि त्याच वेळी शहारतोही. हे दोन्ही एकदम घडणे हाच या वाङ्मयाचा विशेष आहे.

पडद्यावर घोरपड एकतर असते किंवा नसते. असली तर प्रेक्षक तिच्या नख्यांकडे आणि दोराच्या गाठीकडे पाहू लागतो, आणि त्याच्या मनात जो हिशेब सुरू होतो तो माणसाच्या वजनाचा. नसली तर तो विचारतो, घोरपड कोठे गेली? दिग्दर्शकाने कोणताही मार्ग पत्करला तरी पोवाड्यातील घोरपड त्याला सापडावयाची नाही. ती कड्यावर नव्हतीच, सांगण्यात होती.

आपट्यांपुढे ही सारी परंपरा होती. ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३) या कादंबरीत त्यांनी तिला एक नवी जोड दिली. सभासदाच्या बखरीत नसलेली कमलकुमारी, म्हणजे उदयभानूच्या कैदेतील रजपूत स्त्री, मराठी वाचकाच्या मनात रुजली ती मुख्यतः या कादंबरीमुळे. किल्ला घेण्याच्या राजकीय हेतूस तिच्या सुटकेचा हेतू येऊन मिळतो आणि लढाईस काळाची मर्यादा पडते. उशीर झाला तर केवळ गड जाणार नाही, एका स्त्रीचे सर्वस्व जाणार. साहसकादंबरीचे हे तंत्र जगभर सारखेच आहे. आपट्यांचे स्वतःचे जे आहे ते निवेदकाच्या आवाजात. ‘करमणूक’ पत्राच्या वाचकांशी आठवड्यागणिक बोलण्याची सवय झालेला हा लेखक होता. तो वाचकास हाताशी धरून चालवितो, मध्येच थांबवितो, एखादी गोष्ट आत्ता सांगत नाही असे उघड सांगतो, आणि पुढच्या प्रकरणात वचन पाळतो. हा निवेदक इतिहासकार असल्याचा आव आणीत नाही. वाचक आणि तो मिळून एका जुन्या गोष्टीकडे जात आहेत, एवढेच त्याचे म्हणणे असते.

या कादंबरीवर बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात नोंदली गेली आहे, व्ही. शांताराम यांनी त्यात शेलारमामाचे काम केले होते. मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रफिती नष्ट झाल्या, त्यामुळे या ‘सिंहगडा’विषयी आपण जे बोलतो तेही बव्हंशी आठवणींच्या आणि नोंदींच्या आधारे, म्हणजे पुन्हा ‘म्हणे’च्याच आधारे बोलतो. मूकपटाच्या स्वरूपाविषयी मात्र एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. त्यात दृश्यांच्या मधोमध लिहिलेल्या पाट्या येत. चित्रगृहात अक्षरओळख नसलेल्या शेजाऱ्यांसाठी कोणीतरी त्या मोठ्याने वाचीत असे. आज आपणांस तो चित्रपटकलेचा बाल्यकाळ वाटतो. माझ्या मते सांगणाऱ्याची जागा चित्रपटात शाबूत होती ती तेव्हाच. चित्र थांबत होते, शब्द येत होता, तो कोणाच्या तरी तोंडून उच्चारला जात होता आणि मग चित्र पुढे जात होते. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा याहून फारसे वेगळे काही घडत नाही.

बोलपट आला आणि पाटी गेली. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली त्याच कादंबरीवर पुन्हा ‘सिंहगड’ काढला. दहा वर्षांपूर्वी शेलारमामा झालेला माणूस आता दिग्दर्शकाच्या जागी होता आणि कथेच्या प्रत्येक पात्रास आवाज मिळाला होता. आवाज ज्याला मिळाला नाही असा एकच, तो निवेदक. पूर्वी तो जे सांगत असे ते आता पात्रांनी परस्परांस सांगावयाचे, हा नवा संकेत बोलपटांनी सर्वत्र स्वीकारला. संगीत नाटकाकडून मराठी बोलपटास जे मिळाले त्यात ही खोड होती: दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकाने दुसऱ्यास सविस्तर सांगावयाची आणि दुसऱ्याने ती प्रथमच ऐकत असल्यासारखी ऐकावयाची. या खोडीचे मूळ संवादलेखकाच्या दुबळेपणात शोधले जाते. ते मला पुरेसे वाटत नाही. बेदखल झालेल्या निवेदकाचे काम पात्रांकडून करून घेण्याची ती धडपड होती.

त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, ओम राऊत यांचा हिंदी चित्रपट ‘तान्हाजी’ आला. तो आपट्यांच्या कादंबरीचे रूपांतर म्हणून पुढे आलेला नाही. तथापि उदयभानाच्या कैदेतील कमलदेवी त्यात आहे, आणि ती कोठून आली हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. येथे आपल्या प्रश्नाचे खरे गांभीर्य दिसते. कादंबरी वाचताना निवेदकाच्या आवाजातील किंचित फरकाने वाचकास उमजत असते की हे बखरीतले, हे गाण्यातले आणि हे आपट्यांचे. पडद्यावर हे तीन पदर एकजीव होतात. तानाजीची आणि कमलदेवीची सावली सारखीच पडते. दोघांवरही तोच प्रकाश, तेच संगीत. तीनशे वर्षांत थरावर थर चढून तयार झालेली कथा पडद्यावर एकाच थराची होते, आणि तो थर स्वार्थाचा असतो: असे घडले.

यावर कोणी म्हणेल की चित्रपटांनी निवेदक परत आणला आहे. ‘तान्हाजी’त संजय मिश्रा यांचा निवेदनाचा आवाज आहे. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीवर लक्ष्मण उतेकर यांनी काढलेल्या २०२५ च्या हिंदी चित्रपटात अजय देवगण यांचा आहे. म्हणजे एका चित्रपटातील तानाजी दुसऱ्यात निवेदक झाला. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण हे आवाज नीट ऐकावे. ते प्रेक्षकास गोष्टीपासून अंतरावर नेत नाहीत, गोष्टीची हमी देतात. भारदस्त सुरात काळ, स्थळ आणि सत्तांची नावे सांगून ते पुढच्या दृश्यांवर शिक्का मारतात. ‘म्हणे’ म्हणणारा माणूस आपल्या अज्ञानाची सीमा दाखवीत असतो. या आवाजांस अज्ञान असे नाहीच. खरा ‘म्हणे’ अशा चित्रपटांत उरतो तो आरंभीच्या सूचनेत, जेथे कलात्मक स्वातंत्र्य घेतले आहे, कोणाच्या भावना दुखविण्याचा हेतू नाही, वगैरे लिहिलेले असते. ती भाषा वकिलाची असते, आणि प्रेक्षक तोवर आपली खुर्ची शोधत असतात.

‘छावा’च्या प्रदर्शनापूर्वी, जानेवारी २०२५ मध्ये, संभाजीराजे लेझीम खेळत असल्याच्या दृश्यावर आक्षेप निघाले. कादंबरीत त्याला आधार असल्याचे दिग्दर्शकाने सांगितले, आणि पुढे दृश्य वगळले. कादंबरी त्यापूर्वी पंचेचाळीस वर्षे घरोघर वाचली जात होती. तिच्यातील त्या उल्लेखावर कोणी रोष धरल्याचे ऐकिवात नाही. वाचक असहिष्णु नव्हते आणि प्रेक्षक झाले, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. मला कारण व्याकरणात दिसते. सावंतांचे वाक्य हे सावंतांचे सांगणे होते, आणि वाचकाने ते त्यांच्या नावावर जमा केले. दृश्य कोणाच्याच नावावर जमा होत नाही. ते प्रत्यक्ष राजांच्या नावावर जमा होते. प्रामाणिकपणाची यादी घेऊन बसलेल्या समीक्षकास येथे काही सांगता येणार नाही, कारण या ठिकाणी चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक राहू पाहत होता आणि आक्षेप नेमका त्यावरच होता.

बोलीच्या अभ्यासकांनी या बाबतीत एक साधी नोंद स्वतः करून पाहावी. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, हदगावसारख्या ठिकाणी विद्यार्थी सणासुदीच्या किंवा गावाकडच्या गोष्टी सांगतात तेव्हा ‘म्हनं’ सतत कानी पडते: अमक्या बारवेत म्हनं धन हाय, तमका म्हनं रातीतून नदी उतरून गेला. तीच मुले पाहिलेल्या चित्रपटाची गोष्ट सांगू लागली की ‘म्हनं’ नाहीसे होते आणि क्रियापदे वर्तमानकाळात जातात: मग त्यो घोड्यावर बसतो, दरवाजा फोडतो, ह्यो मागून येतो. सतराव्या शतकातील लढाई असली तरी काळ वर्तमानच. याचे कारण उघड आहे. गोष्ट त्यांनी ऐकलेली नाही, पाहिलेली आहे. ते स्वतःस साक्षीदार समजतात. एका पिढीस शिवकालाची ओळख पोवाड्याने आणि कादंबरीने झाली, तिला तो काळ परोक्ष होता. आज तो काळ प्रत्यक्ष झाला आहे. साक्षीदाराशी वाद घालणे किती अवघड असते हे सांगण्याची गरज नाही.

‘म्हणे’सारखेच साहसकादंबरीचे दुसरे साधन म्हणजे सर्वनाम. ‘ती व्यक्ती’, ‘तो स्वार’, ‘तो आगंतुक’ असे म्हणत लेखक कित्येक पृष्ठे ओळख लांबवू शकतो. कॅमेऱ्यास चेहरा दाखवावाच लागतो, निदान लपवीत असल्याचे दाखवावे लागते. याचे सर्वांत ठळक उदाहरण ज्यूल व्हर्नचा कप्तान नेमो. १८७० च्या पाणबुडीच्या कादंबरीत तो कोण, कोठला, हे प्राध्यापक आरोनाक्स या सांगणाऱ्यास अखेरपर्यंत कळत नाही. त्याचे नावच ‘कोणी नाही’ अशा अर्थाचे लॅटिन सर्वनाम आहे. पुढे ‘गूढ बेट’ या कादंबरीत उलगडा होतो की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. १९५४ च्या डिस्ने चित्रपटात जेम्स मेसन या इंग्रज नटाचा चेहरा त्याला मिळाला आणि सर्वनामाची जागा चेहऱ्याने घेतली. २००३ साली एका हॉलिवुडपटात नसीरुद्दीन शाह नेमो झाले, तेव्हा राजपुत्र भारतात परतला खरा. पण तोवर व्हर्नच्या कथेचे त्या चित्रपटात फारसे काही उरले नव्हते.

व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणणारे प्रमुख लेखक म्हणजे भा. रा. भागवत (१९१०-२००१). ‘चंद्रावर स्वारी’ सारख्या रूपांतरांत त्यांनी व्हर्नचे यंत्रज्ञान ठेवले आणि त्याला गप्पिष्ट मराठी काकांचा आवाज दिला. हाच आवाज घेऊन त्यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे उभा केला. फास्टर फेणेच्या कथांतील प्रसंग एकेकटे काढून पाहिले तर त्यांत नवल वाटण्यासारखे थोडेच आहे: सायकलचा पाठलाग, बनावट पाहुणा, चोरांचा अड्डा. पण भागवतांचे वाक्य नायकाच्या पायांनी धावते. अनुप्रास, मध्येच फुटणारा विनोद, आणि आपण एका थापाड्या मुलाची थाप ऐकत आहो की खरी हकीकत, याबद्दल मुद्दाम राखलेला संभ्रम! ‘म्हणे’ची इतकी खेळकर योजना आपल्या बालवाङ्मयात दुसरी क्वचितच सापडेल.

या पुस्तकांवरून दूरदर्शनवर मालिका झाली, तिच्यात सुमीत राघवन याने काम केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. पटकथा क्षितिज पटवर्धन यांची. निर्मात्यांत लातूरचे रितेश देशमुख होते. प्रामाणिकपणाच्या यादीने पाहू गेल्यास या चित्रपटास उत्तीर्ण करता येणार नाही. बनेश आता शाळकरी मुलगा राहिला नाही; अमेय वाघ या तरुण नटाने ती भूमिका केली आहे. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास येतो, एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचा शोध घेऊ लागतो आणि परीक्षेच्या बाजारापर्यंत पोहोचतो. भागवतांच्या सात्त्विक चोरांच्या जागी गिरीश कुलकर्णी यांनी रंगविलेला, हलक्या आवाजात बोलणारा आणि म्हणूनच भयंकर वाटणारा खलपुरुष आहे. नांदेड-लातूरच्या प्रेक्षकास हा विषय कल्पनेतला वाटण्याचे कारण नव्हते. या भागातील कितीतरी घरांचे वेळापत्रक प्रवेशपरीक्षेवरून ठरते, आणि २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेतील गैरव्यवहाराचा तपास लातूरपर्यंत येऊन पोहोचल्याचे आपण पाहिले. बालकथेतील निरुपद्रवी साहस चित्रपटात गुन्हेकथा झाले, त्यात काही हरवले हे उघड आहे. विशेषतः भागवतांचा विनोद. चित्रपट हसवितो, पण तो विनोद पात्रांच्या तोंडचा आहे, सांगण्यातला नाही.

असे असूनही वर उल्लेखिलेल्या सर्व रूपांतरांत मला हा चित्रपट मूळ कृतीच्या सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण दिलीप प्रभावळकर यांनी केलेली भूमिका. ती आहे भा. रा. भागवत यांची. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव चित्रपटात घर घेऊन राहते, चहा पिते, बनेशला आसरा देते, आणि त्याच्या उपद्व्यापांकडे लेखकाच्या नजरेने पाहते. सांगणाऱ्यास कथेबाहेरच्या भारदस्त आवाजात न ठेवता कथेच्या आत, एका वृद्ध आणि काहीशा एकाकी माणसाच्या रूपात आणल्यामुळे दोन गोष्टी साधतात. एक तर समोर जे घडते ते कोणाच्या तरी गोष्टीत जावयाचे आहे, हे प्रेक्षक विसरत नाही. परीक्षेच्या बाजाराचे कठोर वास्तव आणि एका सडपातळ मुलाने त्याला दिलेला न पटण्याजोगा लढा यांची सांगड बसते ती त्यामुळे. शिवाय सांगणारा सर्वज्ञ राहत नाही. बनेश बाहेर कोठे धावतो आहे हे घरात बसलेल्या भागवतांस ठाऊक नसते; त्यांना ते मागाहून, ऐकून कळावयाचे असते. चित्रपटास ‘म्हणे’ उच्चारता येत नाही, परंतु ‘म्हणे’ म्हणणारा माणूस दाखविता येतो, ही युक्ती या लेखक-दिग्दर्शकांस सुचली. सिंहगडाच्या कथेवर पुन्हा कोणी चित्रपट काढणार असेल तर त्याने तुळशीदासास पडद्यावर आणून पाहावे, डफासह.

युक्तीचा उपयोग चित्रपटाने शेवटपर्यंत केला असता तर अधिक बरे झाले असते. उत्तरार्धात पाठलाग आणि मारामारी सुरू झाली की भागवत मागे पडतात आणि कॅमेरा पुन्हा आपल्या स्वार्थावर येतो. तेथे हा चित्रपट इतर कोणत्याही चांगल्या गुन्हेपटासारखा दिसू लागतो. पार्श्वसंगीताने जागा इतकी व्यापली आहे की सांगणाऱ्याने श्वास घ्यावा एवढीही फट राहत नाही.

राहता राहिला ‘ट्टॉक’. फास्टर फेणे जीभ टाळ्यावर आपटून जो आवाज काढतो तो भागवतांनी या अक्षरांत पकडला. मराठीचा एकही रूढ शब्द द्वित्व व्यंजनाने सुरू होत नाही. हळहळ व्यक्त करताना आपण ‘च्च’ करतो, पण तो ध्वनी आपल्या वर्णमालेत नाही, आणि ‘ट्टॉक’ही नाही. त्यामुळे वाचणाऱ्या प्रत्येक मुलाने तो स्वतः काढून पाहिला आणि जो जमला तो फास्टर फेणेचा मानला. चित्रपटातही नायक ‘ट्टॉक’ करतो, आणि तो आता ठरून गेला आहे. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहून वाचावयास सांगितला की चित्रपट पाहिलेली मुले एकच आवाज काढतात. ज्यांनी केवळ पुस्तक वाचलेले असते त्यांच्यात अजून दोघांचे जुळत नाही.